दारातले परके बूट

बाबा,

"दारात कुणाचे गं हे बूट?" आई उंबऱ्यातूनच ओरडायची. माझ्या सगळ्या मैत्रिणींच्या चपला तिला पाठ होत्या.

कॉलेजच्या शॉर्टफिल्मसाठी जागा बघायला जातेय, यायला उशीर होईल. जेवण झाकून ठेवलंय. दारातले ते मोठे बूटही फिल्मचेच आहेत. थरारपट आहे, त्यात एक परका माणूस घरात लपून राहतो. घरच्यांना संशय कधी येतो, ते बघायला मी मागच्या आठवड्यात मुद्दाम ठेवले. तुम्ही रोज त्यांच्याशेजारी चपला काढता आणि टीव्ही लावता. आता पटकथाच बदलावी लागणार.

बाबा, आई गेल्यापासून या घरात मला फार एकटं वाटतं. आज मी आले की काहीतरी विचारा. "एवढा उशीर का गं?" म्हणून ओरडलात तरी चालेल.

ठकी