हिरवा-पांढरा बोया

प्रिय दिव्या,

तुझा फोन आला की आई शेजारीच बसलेल्या असतात, म्हणून हे लिहिते. तुझ्या भावाचं जहाज बुडून तीन वर्षं झाली, आणि आई अजून सिद्धेशचे दिवस करू देत नाहीत. रोज सकाळी स्वतःच्या हाताने मला कुंकू लावतात. मी सवाष्ण की विधवा हे मालवणच्या बायकांनाही ठरवता येत नाही. हळदीकुंकवाला बोलावतात आणि ओटी भरताना हात आखडतात.

जहाज कंपनीच्या कागदांत बुडालेल्या मालाबद्दल एक शब्द होता, 'लॅगन'. कॉलेजात इंग्रजी शिकवते म्हणून आईंनी मलाच विचारलं. जहाज बुडाल्यावर जे तरंगत राहतं त्याला एक शब्द, जहाज वाचवायला मुद्दाम फेकतात त्याला दुसरा. लॅगन म्हणजे तळाला गेलेला, पण वर खुणेचा तरंगता बोया बांधलेला माल. मालकाने हक्क सोडलेला नाही, कधीतरी येऊन नेईल. चौथा शब्द आशाच सोडलेल्या मालाचा, तो मी सांगितला नाही. मालाला चार शब्द आणि माणसाला एकही नाही, याचा मला फार राग आला होता.

आईंना हे इंग्रजी लगेच कळलं. तुझ्या बाबांच्या जाळ्यांचे हिरवे-पांढरे बोये बंदरात सगळे ओळखायचे, त्यांच्याखालच्या जाळ्याला कुणी हात लावत नसे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माळ्यावरचा एक बोया काढून रंगवला आणि होडीवाल्या शिवाकडून समोरच्या खडकाजवळ बांधून घेतला. "बोयो आसा तवसर वस्तू आपली," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या पायरीवर बसून तो बघतात, आणि सगळे होडीवाले बिचारे होड्या वळवून नेतात. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या विनीतने लग्नाचं विचारलंय, त्याला मी उत्तर दिलेलं नाही. समोर बोया दिसत असताना काय सांगणार होते?

परवा तो बोया किनाऱ्याला लागला. आईंनी बघू नये म्हणून मी धावत जाऊन उचलला, दोरी हातात आली आणि तिचं टोक बघितलं. तुटलेली दोरी पिंजलेली असते, आपल्या घरात हे कुणालाही कळतं. ही एका घावात कापलेली होती. शिवाला गाठलं, तेव्हा कळलं. आदल्या दिवशी आईच मासे कापायची सुरी घेऊन त्याच्या होडीत बसल्या होत्या. परतताना म्हणाल्या, "माझो झील गेलो रे. त्या चेडवाक कित्याक बांधून ठेवू?" चेडू म्हणजे मी. परवा सकाळी त्यांनी मला कुंकू लावलं नव्हतं, ते मला तेव्हा आठवलं.

काल आईंनीच भटजींना बोलावलं. भटजींनी सांगितलंय, देह नसला की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आणि बहिणीने दिला तरी चालतो. येत्या अमावास्येला करायचं आहे. तू अग्नी देशील तेव्हा आईंना मी धरीन. मला कोण धरणार ते माहीत नाही, म्हणून एक दिवस आधी ये.

तुझीच, अजून तरी वहिनी,
तन्वी