वांदरांना पाठ झालेली घंटी

बा, तू मले दुसरीतून काढून वाडीच्या राखणीले बसवलं, तेव्हापासून मी वांदरांवर वरडून राहिली आहे. तू गेला, वांदर काही गेले नाहीत. यंदा मात्र त्याच कामाची शाळेत स्पर्धा झाली, अन् ती चालवायले मले बोलावलं. हास आता.

शाळा आपल्या वाडीले लागूनच. नवी मॅडम कुंपणाशी येऊन म्हणाली, "आजी, पोरं टोळ्या करून वांदर हाकलायचं यंत्र बनवतील. वाडी तुमची, नियमही तुमचेच." मी सांगितलं, फटाका नाही, वीज नाही, वांदराले इजा नाही, बजारातून काही आणायचं नाही. अन् यंत्र लावलं की हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा नियम मलेच जड गेला. टोळ्यांना टमाटरच्या ओळी वाटून दिल्या, दोन ओळी माझ्यासाठी ठेवल्या. लालभडक टमाटर, तुमसरच्या बजारात न्यायचे.

सकाळी पोरं शाळेच्या व्हरांड्यात दम धरून बसलेली. वांदर आले. एका टोळीनं गाण्यांच्या जुन्या, चकचकीत सीड्या टांगल्या होत्या. एका वांदरीनं त्यात तोंड पाहिलं, पिल्लाले दाखवलं अन् टमाटर तोडला. दुसऱ्या टोळीची फिरकी झकास, पण हवाच नाही. तिसरी टोळी तीन पोरींची. माठातून थेंब थेंब पाणी बांबूच्या पोंगळीत पडे, भरली की ती वाके, रिकामी झाली की मागं थाळीवर आपटे, ठण्ण! पहिल्या ठण्णले सारे वांदर चिचेच्या झाडावर. पोरी नाचल्या. पण थोड्या वेळानं वांदर उतरले. ठण्ण वाजलं की हात आवरत, थांबलं की खात. त्यांचा म्होरक्या त पोंगळीशेजारीच मांडी घालून बसला.

"तुमची घंटी वांदरांना पाठ झाली," मी म्हटलं, "अन् तुमचे पाढे अजून होत नाहीत."

एक पोरगी रडायच्या बेतात. दोन वेण्यांवाली मात्र पोंगळी हातानं वाकवून पाहत म्हणाली, "मंग घंटी बेताल करू न, आजी! अजून एक बांबू लावू, लांब."

मॅडम म्हणाली, टोळ्यांच्या ओळी वांदरांनी खाऊन संपवल्या, राहू द्या. खरंच संपल्या होत्या. उरल्या त्या माझ्या दोन. तू असता त काठी घेऊन आला असता, बा. मी टमाटरांकडं पाहिलं, पोरींकडं पाहिलं. "लावा. पण एक जरी गेला त तुमच्या मायच्या वांग्यांतून वसूल करन!"

दुसऱ्या दिवशी दोन पोंगळ्या, दोन माठ, एकाचं भोक बारीक, एकाचं मोठं. कधी ही वाजे, कधी ती, कधी बराच वेळ दोघीही चुप. म्होरक्या कान देऊन बसला, हिशेब लागेना. शेवटी त्यानं हात पुढं केला, अन् दोन्ही थाळ्या एकदम! तो उलटा उडाला तो कुंपणापार, मागं सारी बिरादरी. मधल्या सुट्टीपर्यंत एक टमाटर गेला नाही. मग तोंड न उघडायचा नियम साऱ्यांनीच मोडला. कोणाले रागवू? सर्वांत मोठ्यानं मीच वरडली होती.

बक्षिसाच्या कागदावर नावं लिहिताना वेण्यांवाली म्हणाली, "आजी, आमच्यासंगं तुमचंही नाव टाकू?"

"मी नियमवाली हाय. माझं कायले?" मी दटावलं.

घरी आल्यावर तुले लिहून राहिली त्या ह्याच कागदाच्या मागं तिघींची नावं लिहिली अन् खाली माझं लिहून पाहिलं. अक्षर वाकडं आलं, पण दिसते चांगलं. हा कागद ना तुले पोचायचा, ना मी कोणाले दाखवणार, म्हणूनच लिहिलं.