तळहातावरचा भंडारा

२२ मार्च
उचलला शेवटी बेलभंडार!
तात्याबुवांच्या मठात आठ नगरसेवक रांगेत उभे. एकेकाने ताटातलं बेलाचं पान नि हळद मुठीत घेतली आणि शपथ घेतली – मठाच्या रस्त्याला पैसे धरल्याशिवाय नगरपंचायतीच्या बजेटला हात वर करणार नाही. नववी मी. मी नुसती उभी होते, तर सासूबाईंनी माझं मनगट धरून ताटात घातलं. सगळ्यांदेखत! हिसकून घेतला असता हात, तर तमाशाच झाला असता.
सतरा जणांची सभा. आता आम्ही नऊ, ते आठ. बजेट अडलं.

२३ मार्च
हळद दोनदा साबण लावूनही जात नाही.
भांडण कशावरून, तर गेल्या वर्षी मठाच्या रस्त्याला धरलेले पैसे यंदा कातकरवाडीच्या टँकरला टाकले. वाडी माझ्याच वॉर्डातली. त्यांनीच मला निवडून दिलं! हरेशला तेवढं म्हणाले, तर नवरा म्हणून दोन शब्द समजुतीचे बोलायचे की नाही? नाही. म्हणे, “बुवांच्या नारलानं आपला कल्पेश झाला, इसरलीस काय?”
नऊ वर्षांनी मूल झालं, खरंय. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंची इंजेक्शनं मात्र या घरात कुणालाच आठवत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मलाही छातीठोक सांगता येत नाही की नारळाने काहीच झालं नाही.

२८ मार्च
सभा झाली. मुख्याधिकारी स्वच्छ बोलले – बजेट मंजूर नाही तर टँकरचा ठेका एकतीस तारखेला संपतो, पुढे माझ्या हातात काही नाही.
हरेशने गाडीत बजावलं होतं, फकस्त बसून राहायचं हाय तुला. बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलीसारखी बसले. बजेट पडलं. बाहेर येऊन सगळ्यांनी वडापाव खाल्ला, मीही खाल्ला.

२ एप्रिल
टँकर आला नाही.

५ एप्रिल
मागच्या दारी वाडीतली गंगाबाई. वीटभट्टीवर काम करते, प्रचारात माझ्याबरोबर घरोघर फिरली होती. बाया आता जुन्या खदानीत उतरतात पाण्याला, कडा ढासळलाय, म्हणाली. मी सांगितलं, आठवडाभरात मिटेल. कशाच्या जोरावर सांगितलं देव जाणे!
मठात फोन लावला. बुवांचं मौन आहे म्हणे, हनुमान जयंतीपर्यंत.

९ एप्रिल
दिपिका गेली. गंगाबाईची नात. अकरा वर्षांची. खदानीत.

१० एप्रिल
जाऊन आले. गंगाबाई रडत नव्हती. शिव्या घालेल म्हणून मी तयारीने गेले होते. ती एवढंच म्हणाली, “पोर गावली ताई. हंडा नाय गावला.”
घरी सासूबाई म्हणाल्या, बजेट काय तिला ढकलायला गेलं होतं? हरेशने विचारलं, खदान आपल्या हद्दीत येते का. मी ताट सरकवलं आणि उठले. लाज वाटते मला या घराची. माझीही. माझीच जास्त.

१६ एप्रिल
खास सभा. नऊ विरुद्ध आठ – बजेट मंजूर!
मी हात वर केला. उजवाच, हळदीचा. आपल्या बाजूचे आठ जण माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी सभागृहात चपला फेकल्यात. हरेश मला तिथेच टाकून गाडी घेऊन गेला. मी रिक्षाने आले. खूप वर्षांनी मोकळं वाटलं. एकटीच हसले रिक्षात.

१७ एप्रिल
टँकर आला. मी वाडीवर उभी होते. गंगाबाईने नवा हंडा भरला. माझ्याकडे बघितलं नाही. बघू नये तिने.
सासूबाई माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत.

२१ एप्रिल
कल्पेश तापाने फणफणलाय. एकशे तीन. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, शाळेतल्या निम्म्या पोरांना आहे, तीन दिवसांत उतरेल. सासूबाई उशाशी बसून एकच सांगतायत – भंडारा मोडला, भंडारा मोडला.
त्यांना ओरडून सांगितलं, व्हायरल आहे! मग स्वयंपाकघरात जाऊन तेच स्वतःला सांगत बसले.

२३ एप्रिल
ताप हटत नाही. पट्ट्या ठेवतेय. माझ्या तळहाताकडे बघवत नाही. हळद केव्हाच गेलीय.

२४ एप्रिल
मठात जाऊन आले. बुवा रागावले नाहीत, पोराची चौकशी केली आणि ताट पुढे सरकवलं. पुढच्या सभेत टँकर रद्द करून रस्ता घ्यायचा, त्याला माझा हात. मी बेलभंडार उचलला. या वेळी मनगट कुणी धरलं नव्हतं.
कल्पेशचा ताप सकाळीच उतरला होता. घरातून निघाले तेव्हा तो पेज खात होता.