अष्टमीची ओहोटी

आगर, १५ एप्रिल २०२५

चि. शैलेश,
आशीर्वाद. मोठ्या बहिणीला तो द्यावाच लागतो.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी दिपकच्या डब्याच्या पिशवीतून पाठवतेय. नवरा तुमच्याच वीजघरात कंत्राटावर आहे, तेवढा तरी उपयोग. खाडीतली कालवं खडकावरच आ वासून मेलीत. मला विकायला शिंपलेच उरलेत. नियम सांगतो, वीजघराने सोडलेलं पाणी खाडीपेक्षा सात अंशांहून जास्त गरम नको. पंचायतीच्या फळ्यावर तुझ्या सहीचा तक्ता आहे, रोज चारच अंश. मोजल्याची वेळ एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे बाबांनी होडीत शिकवलं. गार समुद्र नळाच्या तोंडाशी आला की तू तापमापक बुडवतोस. तुझ्या साहेबांना हे सुचलं नसतं.

लोभ ठेवावा असं काही तू केलेलं नाहीस.
जयश्री

डहाणू रोड, १६ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

स्वप्ना आणि मी मजेत. तू विचारलं नाहीस, तरी कळवतो.

ओहोटीला मोजलं तर दहा अंश भरतात, हे तुलाही ठाऊक आणि मलाही. पुढे काय? पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरला मालक कोट्यवधी घालणार नाहीत. ओहोटीत एक यंत्र बंद ठेवतील आणि कंत्राटातली साठ माणसं घरी धाडतील. यादी माझ्याच टेबलावर होईल. पहिलं नाव भाऊजींचं. मग बसा दोघं शिंपले विकत.

आशीर्वाद असू दे, फक्त फळ्याकडे बघणं सोड.
तुझा शैलेश

आगर, १८ एप्रिल

चि. शैलेश,
आशीर्वाद आहेच.

ही चिठ्ठी रिक्षावाला चिमण आणतोय. तुझं पत्र मी दिपकला वाचून दाखवलं. काल सकाळी तो गेटवर पास जमा करून आला. यादीतलं पहिलं नाव खोड. उरलेली एकोणसाठ घरं मला शिव्या देतील, त्या मी ऐकून घेईन.

सोमवारी अष्टमी. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. प्रदूषण खात्याचा माणूस तेव्हाच नळाशी येणार आहे. भिऊन यंत्र बंद ठेवलंस तरी चालेल, मला तेच हवंय. तुझं पत्र मी बरोबर आणतेय. दहा अंश तूच लिहून दिलेस, खाली सही करून.

सोमवारी भेटू. टोपी घालून ये, ऊन फार आहे.
जयश्री