पान आता लवकर उघडतं

प्रिय अनुज,

जहाजावरच्या नेटवर आमचं पान उघडत नाही असं तू कळवलंस, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. म्हणून नुसती अक्षरं पाठवतेय. माझे बाबा आणि तुझे बाबा, म्हणजे माझे जानूकाका, घिवलीहून एकाच होडीतून गेले नि परतले नाहीत, तेव्हा मी ते पान घाईघाईत केलं होतं. बोईसरला कारखान्यांच्या वेबसाइट करते, तर एवढं तरी करावं. किनाऱ्यावर कुणीतरी दोघांना ओळखेल. फोटो फोनमधून निघाले तसेच चढवले. आईनं उघडलं तर चाक फिरतच राहिलं. बाबांची टोपी आली, कपाळ आलं आणि तिथंच अडलं. ती म्हणाली, "बाय, तोंड कवा येल?"

मग फोटो हलके करायला बसले. मोबाइलच्या रुंदीएवढे लहान केले, दर्जा थोडा थोडा उतरवत गेले. दर वेळी वाटायचं, आणखी उतरवला तर बाबांच्या हनुवटीवरचा वण पुसला जाईल, मग कोण ओळखणार? उठायचे, ओटीवर जायचे, पुन्हा बसायचे. वण जेमतेम दिसेल तिथं थांबले. होडीचे, जाळ्यांचे फोटो काढूनच टाकले. दोघांचे चेहरे तेवढे ठेवले.

पान झटकन उघडू लागलं. मग वलसाडच्या एका दवाखान्यातून नर्सचा फोन आला. ट्रॉलरवाल्यांनी समुद्रातून उचललेला एक माणूस तिथं बेशुद्ध होता. त्या वणावरूनच तिनं ओळखलं. ते माझे बाबा. आम्ही गेलो. काल ते पहिल्यांदा बोलले, "होडी उलटली. जानू नि मी डिझेलच्या एकाच रिकाम्या डब्याला धरून होतो. उजाडला तवा मी एकटाच."

काका अजून सापडलेले नाहीत, अनुज. बाबांचा फोटो मी उतरवला. पान आता आणखी लवकर उघडतं, कारण त्यावर एकटे काका आहेत. पण तो फोटो हळदीच्या घोळक्यातून कापलेला. चेहरा ओळखू येत नाही. जमनाकाकी, तुझी आई, माझ्या शेजारी बसल्यात, फोन वाजला की आधी माझ्या तोंडाकडे बघतात. तुझ्याकडे काकांचा जवळून काढलेला फोटो असेल. केवढाही जड असू दे, पोचायला कितीही वेळ लागू दे, आजच पाठवायला लाव. हलका मी करीन.

वाट बघणारी,
तुझीच
पूर्वी