रिकामा दगड

प्रिय योवी,

सगळ्यांच्या आधी उगवली ती लिका. गावात कुठं दूध उतू गेलं तरी आधी लिका पोचते, हे तर साहेबलोक आलेले. मी ओसरीत मका सोलत बसले होते, तर कुंपणापलीकडूनच ओरडली, "अगं हारा, केस विंचर! विमानतळाचे साहेब आलेत, बूट घालून!" मी म्हटलं, "बुटांसाठी केस विंचरायला मी काय नवरी आहे?" तरी विंचरले म्हणा. तिच्या मागून आपला गावप्रमुख न्दिलू, घडीच्या रेघा अजून उमटलेल्या अशा नव्या सदऱ्यात. त्याच्या मागं हेंदार्तो म्हणून राजधानीचा साहेब, काखेत हा एवढा गुंडाळलेला नकाशा. मला वाटलं, चटई घेऊन मुक्कामालाच आला. आणि सगळ्यांत मागं एक मुलगी, तुझ्याच वयाची, डोक्याला रुमाल, हातात मोजायची फीत.

आता ऐक. पाहुणा आला म्हणून मी पानसुपारीची टोपली पुढं केली. सगळ्यांत चांगली सुपारी वर ठेवली होती. त्या साहेबानं ती दोन बोटांत अशी धरली, जशी मेलेली पाल शेपटीला धरावी, आणि खिशात टाकली. खिशात! मग एक छोटी बाटली काढून त्यातलं पाणी हातांना चोळलं. माझ्या घरच्या सुपारीला शिवला म्हणून हात धुणारा माणूस या वयात पहिल्यांदा बघितला. किळस त्याला आली होती, पण शिसारी बसली मला. लिका माझ्या कानात म्हणाली, "अगं, त्याच्या घरी पान खात नसतील." मी म्हटलं, "खाऊ नको, पण हात तरी मी नसताना धू की!" मुलीनं मात्र सुपारी तोंडात टाकली. डोळ्यांतून पाणी आलं बिचारीच्या, चुना जास्त घेतला, पण थुंकली नाही. लिकानं तिच्या पाठीवर थाप मारली, म्हणाली, "लाल झाली बघ पोरगी, आता आमच्यातली झाली."

आणि मला सांग, किळस कुणी कुणाची करायची? तू तिकडं सुराबाया शहरात राहायला गेल्यावर विमानतळाची ती काचेची नवी इमारत उभी राहिली, ती तू पाहिलीस फक्त पुढच्या बाजूनं. मागच्या बाजूनं ये कधी. पुढं फुलांच्या कुंड्या, आत थंडगार वारा, चकचकीत संडास, आपोआप पाणी सोडणारे. ते पाणी जातं कुठं म्हणून कुणी विचारत नाही. मी सांगते. ते एका जाड नळातून आपल्या ओढ्यात पडतं, जिथं तुला मी अंघोळ घालायची त्या सपाट खडकाच्या अगदी वर. आता तिथं म्हशीसुद्धा बसत नाहीत. म्हशी! ज्यांना चिखल म्हणजे गादी, त्या नाक फेंदारून माघारी वळतात. न्दिलूला म्हटलं, साहेबाला दाखव की ते. तर गावाची आजी म्हणून लाडात येऊन म्हणतो, "अपू, पाहुण्यांना काय घाण दाखवायची?" मेल्या, घाण त्यांचीच आहे, ओळखीची वाटेल त्यांना.

मी काही पहिल्यापासून विमानतळाच्या वाईटावर नव्हते, तुला ठाऊक आहे. उलट माझ्याएवढं त्याचं कौतुक कुणी केलं असेल? नुसतं गवताचं माळरान होतं तेव्हापासूनचा आपला संबंध. चिंचेखाली माझी कॉफीची चूल, आणि तुझे आजोबा घोड्यावर. ढगाआडून घुंई ऐकू आलं की कप तसाच माझ्या हातात देऊन घोड्यावर टांग टाकायचे, आणि माळावरच्या म्हशी, घोडी, एखादं झोपलेलं डुक्कर, सगळं हाकलून लावायचे. त्यांनी हात वर केल्याशिवाय विमान उतरायचं नाही. डुकरं तोलायच्या काट्यावर प्रवासी तोलायचे. लिका चढली तेव्हा काटा अडकला. काटा गंजलेला होता म्हणते ती, अजूनही. वैमानिक आधी माझी कॉफी प्यायचा, मग सामान उतरवायचा. मग डांबर आलं, आम्ही नाचलो. मग पत्र्याची शेड आली, तेव्हाही नाचलो. मग कुंपण आलं, आणि चिंच कुंपणाच्या आत गेली, चूल बाहेर राहिली. मी चूल मागं घेतली. पुन्हा कुंपण पुढं आलं, पुन्हा मी मागं. असं करत करत ते आमच्या ओसरीपर्यंत वाढत आलंय, पोरी, आणि आता मागं घ्यायला चूलच उरलेली नाही.

तर नकाशा उलगडला. चारी कोपऱ्यांवर माझीच कणसं ठेवली. साहेब म्हणाला, मोठी विमानं यायची आहेत, धावपट्टी लांबवायची आहे. लांबवून ती कुठं येते, तर बरोब्बर आपल्या अंगणातून, आजोबांनी स्वतःच्या थडग्यासाठी निवडलेल्या दगडावरून. तो दगड टेकडीवरून ओढून आणताना किती गावांचे हात लागले होते ते तुला आठवत असेल. तू दगडावर उभी राहून झेंडा हलवत होतीस, आणि आजोबा खालून ओरडत होते, "अरे हळू, मी अजून जिवंत आहे, घाई काय आहे!" साहेबानं त्या दगडाला बुटानं ठोकून बघितलं. विचारतो, "खाली कुणी आहे?" न्दिलू म्हणाला, "नाही साहेब, अजून रिकामा आहे." "मग क्रेननं उचलू," म्हणाला. इतकं सोपं.

मग म्हणाला, घराच्या मालकाची संमती लागेल, मालक कोण? आता यात मी काय खोटं बोलणार? घरधनी मातीत जाईपर्यंत घराचा मालक तोच, ही आपली रीत. मी म्हटलं, "मालक आत बसलेत, विचारा त्यांनाच." साहेब शिडी चढून आत गेला. तुला माहीत आहे आत उजेड किती. आजोबा आपल्या कोपऱ्यात, गुडघे छातीशी घेऊन, कापडांत लपेटलेले, जसे प्राण गेल्या दिवसापासून बसलेत तसेच. पुढं सकाळचं पान ठेवलेलं. साहेब त्यांच्यासमोर मांडी घालून बसला, आणि बाहेर नव्हती ती सगळी अदब आत जाऊन दाखवली त्यानं! टोपी काढून अंधारात समोरच्या कापडांवर ठेवली. "आजोबा, देशाच्या प्रगतीसाठी," म्हणाला. मग आणखी पुढं सरकला. "आजोबा, नवं घर देऊ, पक्कं, फरशीचं." मग माझ्याकडं वळून म्हणतो, "ऐकायला कमी येतं का?" लिका पदर तोंडात कोंबून खांबाला धरून उभी. मी म्हटलं, "ऐकू सगळं येतं. बोलत तेवढे नाहीत. दोन पावसाळे झाले जाऊन." तो म्हणाला, "कुठं जाऊन?" आणि तेवढ्यात त्याला दिसलं की आपण आपली टोपी काढून कुणाच्या गुडघ्यांवर ठेवली आहे.

योवी, माणूस शिडी न वापरता खाली कसा येतो ते मी त्या दिवशी पाहिलं. अंगणाच्या कडेला जाऊन भडाभडा ओकला. माझ्या मक्यावर! हसावं की रडावं ते कळेना. न्दिलू माफी मागतोय त्याची, माझी नाही. साहेब तोंड पुसत म्हणाला, "हे लोक माणसं आहेत की कोण? प्रेत घरात ठेवतात, शी! आठवड्यात उरकून टाका. सरकारी दफनभूमीत न्या, आम्ही गाडी देऊ." उरकून टाका म्हणे. जो माणूस हात वर करायचा तेव्हा तुमची विमानं उतरायची, त्याला उरकून टाका! इतकी घाण वाटली मला त्या शब्दाची की त्याच्या ओकारीवर मी निमूट राख टाकली, पण तो शब्द काही झाकला जाईना.

ती मुलगी तेवढी टोपी आणायला पुन्हा आत गेली. आधी नाकाला रुमाल होता तिच्या. मग तिनं तो काढला. कुणी सांगितलं नव्हतं. टोपी दोन्ही हातांनी उचलली आणि वाकून म्हणाली, "येते आजोबा, त्रास दिला." शिडीपाशी चप्पल घालताना माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "अपू, दगड रिकामा असला तर तो नुसता दगड. खाली माणूस असेल तर ते थडगं. थडगं असलं की सगळ्या कुळाला विचारावं लागतं, नाहीतर नकाशा वाकवावा लागतो. मी लिहीन तसं." आणि मोठ्यानं म्हणाली, "सुपारी छान होती!"

ती रुमाल काढताना मला तू दिसलीस. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा आजोबांना जाऊन महिनाच झाला होता. तू दारातच उभी राहिलीस, रुमाल लावून, आणि दुसऱ्या सकाळच्या विमानानं परत गेलीस. मी तुला एका शब्दानं बोलले नाही, आणि आताही बोलत नाही. सुराबायाला इतकी वर्षं राहिलीस, तिथलं नाक झालं तुझं, त्याला तू काय करणार? फोनवर तू म्हणतेस, "अपू, माझ्यासाठी थांबू नका, उरका तुम्ही." तू म्हणालीस तेव्हा त्या शब्दाचा मला राग आला नव्हता. पण आता तो त्या साहेबाच्या तोंडून ऐकलाय. तुझ्या तोंडी तो राहू देऊ नकोस, पोरी.

एवढं लांबण मी लावलं त्याचं कारण हेच. शेवटचं कापड थोरल्या नातीच्या हातचं लागतं, त्याशिवाय आजोबा उंबरा ओलांडणार नाहीत. दुसऱ्या कुणाचं चालवून घ्या म्हणून लिकानं सुचवलं, तर मी तिला ओसरीतून उठवलं. कापड विणायला बसायचं नाही तुला, ते केव्हाच विणलेलं आहे. बारा-तेरा वर्षांची असताना तू घोड्यांच्या रांगेत मध्येच एक विमान विणलं होतंस ना, ज्याला सगळ्या बाया बदक म्हणून हसल्या, तेच. "मला शेवटी हे बदकच पांघरायचं आहे," असं आजोबा मला किती वेळा म्हणाले. टोपलीत आहे, तंबाखूच्या पानांत, कसर लागलेली नाही. म्हशी, डुकरं, झांजा वाजवणारे, सगळ्याचं मी बघते. तू फक्त ये, आणि तुझ्या हातानं ते त्यांच्या खांद्यावर घाल. वासाचं म्हणशील तर आता धुराचा आणि सुपारीचाच येतो, त्या ओढ्यापेक्षा कितीतरी बरा. रुमाल आणलास तरी आण, पण ये. साहेब परत येतील तेव्हा दगड रिकामा असता कामा नये. त्यांनी न्दिलूला सांगून ठेवलंय, पौर्णिमेनंतरच्या गुरुवारी येतो, सकाळच्या विमानानं.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
अपू हारा