व्हॅन विकण्याआधी

बेगाइम,
व्हॅन विकत मागणाऱ्या तुर्दुबेकला इतक्यात होकार कळवू नकोस. आधी एकदा चावी फिरव. दोष बॅटरीचा नव्हता. इंजिनापासून बॉडीच्या पत्र्याला जाणारी अर्थिंगची वायर गंजली होती. तिची दोन्ही टोकं आणि खालचा पत्रा घासून लख्ख केला, बोल्ट आवळले. पुस्तकात बघून केलंय, त्यामुळे चुकलंही असेल. स्वतः चावी फिरवायचा धीर झाला नाही.

काल थांब्यावर सगळे प्रवासी म्हणाले, "बेगाइम, तुझी गाडी सुरू होईपर्यंत आम्ही चालत नारीनला पोचू!" तू हसलीस, पण रात्री जेवली नाहीस.

मी थांब्यावर जातोय. कुणी दुसऱ्या गाडीत चढू लागलं, तर सांगेन, "थांबा, माझी पोर येतेय." एवढं जमेल मला.

पुढची जागा माझी.

बाबा